फेसासाठी वाडगा घेताना

दाढीचा खास वाडगा म्हणून जे महागडं विकतात ते लगेच घेऊ नकोस. आधी घरातलंच एखादं जाड भांडं वापरून बघ. तोंड साधारण १० ते १२ सेंटिमीटर रुंद हवं. अरुंद असलं की ब्रशची मूठ काठावर टकटक आपटत राहते, फार वैताग येतो. उथळही नको, फेस बाहेर उडतो.

खरा फरक पडतो तो तळाने. आतून वळ्या असतील तर ब्रशचे केस त्यांवर घासले जातात, साबणात हवा मिसळते आणि फेस लवकर धरतो. गुळगुळीत वाडग्यातही होतो, जरा जास्त वेळ घोटावं लागतं इतकंच. वळ्यांवरून बोट फिरव. टोचत असतील तर ब्रशचे केस खराब होतील.

स्टील फुटत नाही, पण पटकन गार होतं. सिरॅमिक गरम पाण्यात ठेवलं की ऊब धरतं. साबणाच्या हातातून निसटलं तर मात्र संपलं! त्यामुळे दुकानातच एका हाताच्या पंजात धरून बघ. लाकडी शक्यतो टाळ, सततच्या पाण्याने तडकतं.

आणि फेस पाणचट झाला तर वाडग्याला बोल लावू नकोस, पाणी थेंबाथेंबाने घाल.