माझी पत्नी नुकतीच आमच्या गावची सरपंच झाली आहे. पहिल्या वर्षात गावाला दिसतील अशी कोणती कामे आम्ही हाती घ्यावीत?

हा प्रश्न सरपंचबाईंनी नव्हे, त्यांच्या यजमानांनी विचारला आहे. त्याकडे दुर्लक्ष करून मला उत्तर लिहिता आले असते. पण सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात, जेमतेम 1,900 वस्तीच्या गावात, मी स्वतः त्या खुर्चीवर बसलेली आहे, आणि त्या काळात कामांइतकाच वेळ ‘ती कोणी ठरवायची’ या वादात गेला आहे, म्हणून तसे करणे मला जमणार नाही.

आधी तुमच्या प्रश्नाचे उत्तर देते. पहिल्या वर्षी दिसणारी कामे हाती घेऊच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कमान, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, चौकातले सुशोभीकरण ही कामे पैसे आले की कोणालाही करता येतात. शिवाय पहिले वर्ष बहुतांशी तुमचे नसतेच. ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी आदल्या वर्षीच्या 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, पुढच्या आर्थिक वर्षासाठी तो ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो, आणि जे काम त्यात नाही त्याचे वित्त आयोगाच्या पैशातून बिल निघत नाही. म्हणजे सरपंचबाईंच्या हाती पहिल्या वर्षी आधीच्या मंडळींनी केलेली यादी येते. त्यात बदल करायचा तर ग्रामसभेचा ठराव लागतो. पैशाचेही तसेच आहे. 15व्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळात 60 टक्के निधी बंधित होता, त्यातला निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी, आणि उरलेल्या 40 टक्के अबंधित निधीतूनही पगार किंवा आस्थापनेचा खर्च भागवता येत नसे. तुमच्या वर्षाचे निकष ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांकडून, लेखी मागून घ्या, तोंडी सांगण्यावर राहू नका.

आमच्याकडे 2021च्या जानेवारीत निवडणूक झाली. थेट सरपंच निवडण्याची पद्धत त्या वेळी रद्द झालेली होती आणि सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर निघाली, ती महिलेसाठी निघाली. माझे थोरले दीर त्याआधी सरपंच होते. पॅनेल त्यांचे, जुळवाजुळव त्यांची, आणि प्रभागातली जागा महिलेची होती म्हणून मला उभे केले तेही त्यांनीच. थोरल्या दिरांनी धाकट्या भावजयीशी थेट बोलू नये, ही आमच्याकडची जुनी रीत ते कटाक्षाने पाळत. त्यामुळे कारभाराविषयीच्या त्यांच्या सगळ्या सूचना मला यजमानांमार्फत मिळत. पहिली सूचना डोंगलची, म्हणजे सरपंचाची डिजिटल स्वाक्षरी ज्यात असते त्या संगणकाला जोडायच्या छोट्या साधनाची होती. “तिला म्हणावं, डोंगल माझ्याकडं राहू दे, बाईमाणसानं कशाला पंचायत समितीत हेलपाटे मारायचे?” सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या झाल्याशिवाय ठेकेदाराच्या खात्यात रुपयाही जात नाही, त्यामुळे डोंगल ज्याच्या खिशात तोच खरा सरपंच, हे त्यांना पुरते ठाऊक होते आणि मलाही होते. मी ते माझ्या पर्समध्ये ठेवले आणि पद सोडेपर्यंत तिथेच राहू दिले. रिवाजाने चालत आलेला आमचा अबोला त्या दिवसापासून खरा झाला.

दुसरी सूचना कमानीची होती. वेशीवर माझ्या कैलासवासी सासऱ्यांच्या नावाने कमान उभारायची, निम्मे पैसे घरचे घालायचे आणि निम्मे ग्रामनिधीतून घ्यायचे, असा तो बेत होता. सासऱ्यांविषयी मला कमी आदर नव्हता. शाळेला जागा त्यांनीच दिली होती. पण ग्रामनिधी म्हणजे लोकांची घरपट्टी आणि पाणीपट्टी, आणि तीही निम्म्याहून कमी वसूल होत असताना त्यातून आमच्याच घराच्या नावाची कमान बांधणे मला मान्य नव्हते. यावर दादांचे, म्हणजे थोरल्या दिरांचे, म्हणणे यजमानांनी मला जसेच्या तसे सांगितले: “गटार कुणाला दिसत नाही, कमान येष्टीतनं दिसती.”

त्या सुमारास, म्हणजे 2022-23 या वर्षाच्या सुरुवातीला, पावसाळ्यापूर्वीच्या पाणी सर्वेक्षणात आरोग्य विभागाने आमच्या गावाला लाल कार्ड दिले. लाल कार्ड म्हणजे साथीची जोखीम सर्वांत जास्त. मला त्याची लाज वाटली, दादांना राग आला, आणि यजमानांनी कार्डाची गोष्ट बाहेर बोलू नये असे सुचवले. मी ते कार्यालयाच्या फलकावर लावले. पाणीपुरवठा कर्मचारी रोज टीसीएल पावडर, म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर, टाकतो, असे नोंदवही सांगत होती आणि तो खोटेही बोलत नव्हता. आशाताईंना बरोबर घेऊन मी पहाटे पाणी सुटल्यावर टाकीजवळच्या नळाचे पाणी काचेच्या नळीत धरले, त्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी पिवळे करणाऱ्या रसायनाचे, थेंब टाकले, तर ते लगेच पिवळे झाले. मग आम्ही वरच्या वस्तीतल्या अगदी शेवटच्या नळावर गेलो. तिथे धार करंगळीएवढी होती, आणि कितीही वेळ नळी हलवली तरी पाण्याला रंग आला नाही. टाकी आणि वस्ती यांच्या दरम्यान जलवाहिनी बराच पल्ला गटारातूनच गेलेली होती, व्हॉल्व्हचे खड्डे सांडपाण्याने भरलेले होते, आणि दोन ठिकाणचे सांधे गळत होते. पाणी सोडलेले असते तोवर अशा गळतीतून पाणी बाहेर पडते. पाणी बंद केले की रिकामी होणारी वाहिनी त्याच वाटेने गटारातले पाणी आत ओढते. वस्तीतल्या पोरांना दर पावसाळ्यात जुलाब का होतात याचे उत्तर तिथे, कमरेएवढ्या खड्ड्यात होते.

वर्षभराचे मुख्य काम हेच झाले. वाहिनी गटारातून काढून रस्त्याच्या दुसऱ्या कडेला घेतली, व्हॉल्व्हचे खड्डे जमिनीच्या वर उचलून बांधले आणि त्यांवर झाकणे बसवली, टीसीएलची गोणी कार्यालयाच्या ओल्या कोपऱ्यातून उचलून पावडर झाकणाच्या पिंपात, कोरड्या खोलीत ठेवली, कारण ओल लागलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि कर्मचारी मग नुसता चुना कालवत बसतो. ठेकेदाराला चर लवकर बुजवायची घाई होती. जमिनीखाली पाइप किती व्यासाचा गेला आणि किती खोल गेला हे नंतर कोणी उकरून पाहत नाही, म्हणून शाखा अभियंत्यांनी येऊन मोजमाप पुस्तिकेत नोंद करेपर्यंत मी चर बुजवू दिली नाही. तेवढ्या दिवसांत एक मोटारसायकल त्यात गेली, लग्नाचा मांडव हलवावा लागला, आणि अर्ध्या गावाने मला नावे ठेवली. अंदाजपत्रकात लिहिलेला पाइप आणि आणून टाकलेला पाइप यांत फरक निघाला, तो ठेकेदाराला स्वतःच्या खर्चाने बदलावा लागला. तो ठेकेदार कोणाच्या ओळखीचा होता हे इथे लिहीत नाही. आमच्या गावात ते सर्वांना माहीत आहे.

पावसाळ्यानंतरच्या सर्वेक्षणात कार्ड पिवळे झाले आणि पुढच्या वर्षी हिरवे.

गटारांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यावर लिहू लागले तर थांबणार नाही. वरच्या आळीची सगळी गटारे आमच्या गावात मागासवर्गीय वस्तीच्या तोंडाशी येऊन संपत होती, आणि ‘उतार तिकडेच आहे’ हे त्याचे ठरलेले उत्तर होते. उतार तिकडे आहे हे खरे, परंतु सांडपाणी घराबाहेर सोडलेच पाहिजे असे उताराने सांगितलेले नाही. रोजगार हमीतून नांदेड पॅटर्नचे शोषखड्डे, म्हणजे खड्ड्याच्या मधोमध, भोके पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगडगोटे, हे वरच्या आळीत घरोघरी घ्यायला लावले. आमची जमीन मुरमाड असल्याने पाणी चांगले मुरते. दारात खड्डा नको म्हणून शेवटपर्यंत अडून बसलेले एक घर आमचेच होते.

आता घरपट्टी. थकबाकीदारांची यादी मी नमुना 9 वरून, म्हणजे कर मागणीच्या नोंदवहीवरून, ग्रामसभेत वाचून दाखवली. गरिबांची बाकी थोडी असते आणि ती दाखल्याच्या वेळी वसूल होते. मोठी बाकी नेहमी स्टँडवरच्या गाळेवाल्यांची आणि दुमजली घरांची असते. यादी वाचण्याच्या आदल्या दिवशी आमच्या एकत्र घराची सगळी बाकी मी माझ्या पाटल्या गहाण ठेवून भरली होती, त्यामुळे माझ्याकडे बोट दाखवण्याची सोय राहिली नव्हती. दादांना हा घरचा अपमान वाटला आणि अजून वाटतो. परंतु मार्चअखेर वसुली तीन-चतुर्थांशाच्या पुढे गेली, पाण्याच्या पंपाचे थकलेले वीजबिल भरले गेले, आणि मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला व बालकल्याणासाठी 10 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के हा जो खर्च स्वतःच्या उत्पन्नातून करावाच लागतो, तो कागदावर न राहता प्रत्यक्ष झाला. लेखापरीक्षणात दरवर्षी येणारा तो आक्षेप त्या वर्षी आला नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात कर भरणाऱ्यांना दळण फुकट मिळते, ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात; तिथे आधी कर भरला जातो, हे मात्र कोणी सांगत नाही.

पुढच्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत दादा उभे राहिले आणि माझ्याकडे न पाहता, सभेला उद्देशून म्हणाले, “वर्षभरात एक तरी काम दाखवा, ज्याचा नारळ फुटला.” खरोखरच एकही नव्हते. मी लाल आणि पिवळे अशी दोन्ही कार्डे आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत टेबलावर ठेवली. ती पाहायला फार लोक उठले नाहीत, वरच्या वस्तीतल्या बायका तेवढ्या उठल्या. टाळ्या दादांनाच मिळाल्या. कमान पुढे 25-15च्या, म्हणजे गावांतल्या मूलभूत सुविधांसाठीच्या राज्य सरकारच्या, निधीतून मंजूर होऊन आली, तेव्हा मी विरोध केला नाही, कारण त्यात गावाची घरपट्टी नव्हती. तिच्या कोनशिलेवर सरपंच म्हणून माझे नाव ठळक अक्षरांत आहे, आणि पाहुणे आजही मला त्या कमानीबद्दलच शाबासकी देतात. दादा ती ऐकून घेतात.

म्हणून सांगते, ‘लोकांना दिसेल’ ही कसोटी सोडून द्या. सरपंचबाईंना पहाटे शेवटच्या नळावर जाऊ द्या. ग्रामसभेच्या आधीची महिला सभा कागदोपत्री उरकू नका; आमच्याकडे पाण्याची खरी तक्रार तिथेच पहिल्यांदा बोलली गेली, कारण मुख्य सभेत बायका मागच्या भिंतीला टेकून बसतात. मासिक सभेचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहून त्यावर सह्या घ्या. मोकळ्या ठेवलेल्या जागेत नंतर काय काय लिहिले जाते हे मी पाहिले आहे. आणि तुम्ही सरपंचबाईंच्या शेजारी नव्हे, ग्रामस्थांच्या ओळीत बसा. माझे यजमान दोन्हीकडून बोलणी खाऊनही तिथेच बसत, हे त्यांचे मोठेपण मी इथे नोंदवते.

हे सगळे आमच्या गावापुरते खरे आहे, हेही सांगितले पाहिजे. काळ्या जमिनीत शोषखड्डा तुंबतो. तिथे बंदिस्त गटारच बरे. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी अनुसूचित भागातल्या, ग्रामपंचायतींना वेगळा निधी मिळतो आणि तिथल्या ग्रामसभेचे अधिकारही अधिक आहेत. औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांच्या उत्पन्नाशी आमची तुलनाच नाही. काही दिसणारी कामेही निकडीची असतात: शाळेच्या वाटेवरचा दिवा हे दिखाऊ काम नव्हे, तो आम्हीही त्याच वर्षी लावला. तुमचे गाव टँकरवर असेल तर वरचे बरेचसे गैरलागू ठरेल आणि आधी स्रोताचाच विचार करावा लागेल. कोणी हिवरे बाजारचे नाव घेऊन सरपंचबाईंना हिणवू लागले, तर पोपटराव पवारांनी तिथे 1990च्या सुमारास काम हाती घेतले आणि पद्मश्री 2020 साली मिळाली, एवढे त्यांना सांगा.

एक राहिले. मागणीचे बिल हाती पडल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 खाली अपात्र ठरू शकतो, आणि विरोधी गट पहिला अर्ज बहुधा याच मुद्द्यावर करतो. तुमच्या घराची बाकी असेल तर ती आजच भरा, पावती जपून ठेवा, आणि सरपंचबाईंचे डोंगल सध्या कोणाकडे आहे ते मला इथेच खाली लिहून कळवा.