चढावर गाडी थांबते तेव्हा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ठाण्यात ढोकाळीला राहते आणि नोकरीसाठी रोज ऐरोलीला जाते. सासर मुरबाड तालुक्यात आहे. डांबरी रस्ता संपल्यावर तिथे सुमारे तीन किलोमीटर कच्ची वाट आहे. वाटेत एक ओढा लागतो आणि ओढा ओलांडला की लगेच मुरमाचा उभा चढ. पावसाळ्यात आमची साधी गाडी ओढ्याअलीकडे ठेवून चालत जावे लागते, म्हणून यंदा फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणारी गाडी घ्यायचे ठरले आहे. माझे दीर म्हणतात की, कच्च्या वाटेवर मॅन्युअलच हवी, ऑटोमॅटिकमध्ये गाडी आपल्या हातात राहत नाही. मला मात्र विटाव्याच्या कोंडीत रोज क्लच दाबून वीट आला आहे. चढाला आणि चिखलाला ऑटोमॅटिक खरेच कमी पडते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण वर्णन केलेल्या वाटेसाठी ऑटोमॅटिक कमी पडत नाही. माझे मत विचाराल, तर ओढा आणि त्याला लागूनच चढ अशा ठिकाणी नव्याने शिकणाऱ्याला तीच अधिक सोयीची आहे. फक्त ती टॉर्क कन्व्हर्टर पद्धतीची, म्हणजे क्लच प्लेटऐवजी तेलातून ताकद पोचवणारी असावी आणि गाडीला लो रेंज, म्हणजे चाके सावकाश पण अधिक जोराने फिरवणारी गिअरची जादा जोडणी असावी. या दोहोंपैकी लो रेंज अधिक महत्त्वाची आहे. लो रेंज नसलेल्या गाडीत गिअरबॉक्स कोणताही असला, तरी अशा चढावर तो सोसण्यापलीकडे राबवला जातो.

आपल्या दिरांचे म्हणणे निराधार नाही. पूर्वीच्या ऑटोमॅटिक गाड्यांना तीन-चारच गिअर असत, त्या गिअर बदलायला वेळ लावत आणि चढाच्या ऐन मध्यावर स्वतःहून वरचा गिअर टाकत. अशा गाडीत चालकाला आपल्या हाती काही नाही असे वाटणे स्वाभाविक होते. आज लो रेंजमध्ये पहिला किंवा दुसरा गिअर धरून ठेवण्याची सोय बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत असते. भारतात मिळणारी जीप रँग्लर आणि नवी लँड रोव्हर डिफेंडर या दोन्ही केवळ आठ गिअरच्या ऑटोमॅटिकसह येतात, आणि त्या कच्च्या वाटेसाठीच ओळखल्या जातात. फोर्स गुरखा मात्र आजही मॅन्युअलच आहे आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागांना) लॉक असल्यामुळे ती कुठेही मागे राहत नाही. म्हणजे या क्षेत्रातले जाणकार कंपनीवालेही एकाच उत्तरावर आलेले नाहीत.

फरक नेमका कुठे पडतो, ते मी मागच्या पावसाळ्यात अगदी जवळून पाहिले. ओळखीच्या एका तरुणाने नवी मॅन्युअल फोर बाय फोर घेतली होती आणि शहापूरकडच्या एका खासगी शेतात मी त्याच्या शेजारी बसून त्याला शिकवत होतो. चढ फार मोठा नव्हता. निम्म्यावर पुढचे डावे चाक एका दगडाला टेकले आणि गाडी थांबली. पाय दोन आणि पेडल तीन, अशी त्याची अवस्था झाली. ब्रेक सोडला की गाडी मागे घसरे, ॲक्सिलरेटर कमी पडला की इंजिन बंद पडे, म्हणून त्याने गाडी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून तोलून धरली आणि ॲक्सिलरेटर वाढवत राहिला. मिनिटभरात जळक्या रबरासारखा तो ओळखीचा वास गाडीत शिरला. मी लो रेंज लावायला सांगेपर्यंत उशीर झाला होता. पुढे तुर्भ्याच्या एका मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवला, तेव्हा क्लच प्लेटचे अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलेले होते आणि प्रेशर प्लेटवर निळसर डाग उमटले होते. लोखंड तापून निळे पडते, तसे. गाडी घेऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

त्याच ठिकाणी टॉर्क कन्व्हर्टर असता, तर काय झाले असते, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात क्लच प्लेट नसते. तेलाने भरलेल्या बंद डब्यात समोरासमोर दोन पंखे असतात. इंजिनाला जोडलेला पंखा तेल फेकतो, त्या तेलाच्या जोराने गिअरबॉक्सला जोडलेला पंखा फिरतो, आणि मधला स्टेटर नावाचा तिसरा भाग परतणारे तेल योग्य दिशेने वळवतो. चाके जागच्या जागी अडलेली आणि इंजिन फिरते आहे, अशा क्षणी या रचनेमुळे गिअरबॉक्सकडे जाणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण दुप्पट होऊ शकतो. चाक दगडाला टेकले, गाडी थांबली, तरी इंजिन बंद पडत नाही; डावा पाय ब्रेकवर हलका ठेवून उजव्या पायाने ॲक्सिलरेटर थोडा वाढवला की चाक दगडावर हळूच चढते. डाव्या पायाने ब्रेक धरण्याची सवय रस्त्यावर मुळीच करू नये, पण दगडावरून गाडी चढवताना ती फार उपयोगी पडते.

तेलाच्या या खेळाची किंमत उष्णता ही आहे. तेल घुसळले जाते तेव्हा तापते, आणि हाय रेंजमध्ये, म्हणजे नेहमीच्या जोडणीत, चिखलात दहा-पंधरा मिनिटे झटापट केली, तर गिअरबॉक्सच्या तापमानाचा इशारा लागू शकतो. तसे झाल्यास गाडी सपाटीला आणावी, गिअर पार्किंगवर (P) टाकावा आणि इंजिन बंद न करता थोडा वेळ चालू ठेवावे, म्हणजे तेल कूलरमधून फिरून थंड होते. चढाला लागण्याआधीच लो रेंज लावली, तर ही वेळ सहसा येत नाही.

उतारावर मात्र मॅन्युअलचे पारडे जड आहे, हे मान्य करायला हवे. लो रेंजचा पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलवरून बाजूला, आणि गाडी इंजिनाच्या धाकाने पावलापावलाने उतरते. इतकी खात्रीची भावना ऑटोमॅटिकमध्ये येत नाही. त्याचे एक कारण टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाचा रोध थोडा सैल होऊन चाकांपर्यंत पोचतो हे आहे, आणि दुसरे कारण ऑटोमॅटिकचा पहिला गिअर बहुधा मॅन्युअलइतका खोल नसतो हे. मारुती जिम्नीत मॅन्युअलला पाच आणि ऑटोमॅटिकला चार गिअर आहेत, आणि हा फरक तिथे उतारावर जाणवतो. म्हणूनच हिल डिसेंट कंट्रोल दिलेला असतो. तो चाकांचे ब्रेक स्वतः आळीपाळीने लावून वेग आवरतो. आपण ऑटोमॅटिक घेतल्यास ही सोय नक्की पाहून घ्यावी आणि सासरच्या त्याच चढावरून कोरड्या दिवसांत दोन-तीनदा उतरून तिची सवय करून घ्यावी.

ओढ्याच्या पाण्यात पुन्हा ऑटोमॅटिकचा फायदा होतो. पाण्यात शिरल्यावर मॅन्युअलच्या चालकाने क्लच दाबायचा नसतो, कारण दाबलेल्या क्लचच्या फटीत पाणी आणि गाळ जाऊन प्लेट घसरू लागते; गिअर एकच धरून, पायाला आवर घालून पार व्हावे लागते. ऑटोमॅटिकमध्ये हा मोहच उरत नाही. महिंद्रा थारसाठी कंपनीने ६५० मिलिमीटर पाण्याची मर्यादा दिली आहे. ती स्थिर पाण्यासाठी समजावी. मुरबाडकडच्या ओढ्याला पावसात जी ओढ असते, तिच्यापुढे गुडघाभर पाणीही गाडी बाजूला सरकवू शकते. आधी काठी घेऊन चालत जाऊन तळ पाहावा. पाणी गढूळ आणि वेगवान असेल, तर आजवर जशा चालत गेलात तसेच त्या दिवशीही जावे.

गाडी निवडताना एका गोष्टीची गफलत होऊ देऊ नये. २०२० मध्ये आलेल्या थारच्या पेट्रोल आणि डिझेल दोन्ही फोर बाय फोर गाड्यांना सहा गिअरचा मॅन्युअल किंवा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर मिळतो, आणि तिची लो रेंज ताकद सुमारे अडीचपट करते. जिम्नीत ती सुमारे दुप्पट होते. मात्र २०२३ पासून थारची केवळ मागच्या चाकांना ओढ असलेली गाडीही विकली जाते. दिसायला ती तशीच आहे, किंमत कमी आहे, आणि आपल्या ओढ्यापलीकडच्या चढाला ती चालणार नाही. गिअरच्या शेजारी लो रेंज लावण्याचा दुसरा छोटा दांडा आहे की नाही, हे शोरूममध्ये स्वतः हात लावून पाहावे.

आपल्या दिरांच्या बाजूने आणखी एक मुद्दा राहतो. बॅटरी उतरली तर मॅन्युअल गाडी ढकलून सुरू करता येते, ऑटोमॅटिक करता येत नाही. टोचन करतानाही ऑटोमॅटिकला जपावे लागते. चाके जमिनीवर ठेवून इंजिन बंद असताना ती लांबवर ओढली, तर आत वंगण न पोचल्याने गिअरबॉक्सचे नुकसान होते. थारसारख्या गाडीत ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाला) स्वतंत्र न्यूट्रल असते, ते कसे वापरायचे हे पुस्तिकेत वाचून ठेवावे. जम्पर केबल आणि चांगली टोचन-पट्टी मात्र पहिल्याच दिवशी गाडीत ठेवावी.

प्रश्न : मी घणसोलीला राहतो. माझ्याकडे एएमटी गिअरची छोटी गाडी आहे. माळशेजच्या अलीकडच्या कच्च्या वाटांवर ती नेली तर चालेल का? तीही ऑटोमॅटिकच आहे ना?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : नावाने ती ऑटोमॅटिक आहे, आतून ती मॅन्युअलच आहे. तोच गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम पायाऐवजी एक यंत्र करते. त्यामुळे वर सांगितलेला टॉर्क कन्व्हर्टरचा एकही फायदा तिला मिळत नाही. उलट चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरली, तर हाफ क्लचमुळे होते तेच नुकसान होते आणि तो क्लच सोडवायला आपला पाय तिथे नसतो. सपाट, कोरड्या, खडी टाकलेल्या वाटेवर ती खुशाल न्यावी; चढ दिसला की थांबण्याआधी मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरावा, आणि थांबावेच लागले तर हँडब्रेक लावावा. दुहेरी क्लचच्या (दोन क्लच आळीपाळीने वापरणाऱ्या) ऑटोमॅटिक गाड्यांनाही, विशेषतः कोरड्या, म्हणजे तेलात न बुडवलेल्या क्लचच्या, हीच काळजी लागू होते.

प्रश्न : मॅन्युअल फोर बाय फोर चढावर मध्येच बंद पडली, तर नेमके काय करावे? मी प्रत्येक वेळी गडबडतो.
– एक वाचक, कळवा

उत्तर : पायाचा ब्रेक घट्ट दाबावा, हँडब्रेक ओढावा आणि क्लच मुळीच दाबू नये, गाडी गिअरमध्ये आहे, तोवर इंजिनही तिला धरून ठेवते. मग श्वास घ्यावा आणि आरशात पाहून मागची वाट सरळ आहे का, ते ठरवावे. ब्रेक तसाच ठेवून क्लच दाबावा, रिव्हर्स टाकावा, इंजिन सुरू करावे, हँडब्रेक सोडावा, आणि क्लच सोडत असतानाच पायाचा ब्रेक हळूहळू ढिला करावा. लो रेंजच्या रिव्हर्समध्ये गाडी इंजिनाच्या रोधावर सावकाश खाली येते. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही जड होतात, म्हणून ब्रेकवर नेहमीपेक्षा जास्त जोर लागेल, याची तयारी ठेवावी. चढावर गाडी आडवी वळवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. गाड्या उलटतात त्या बहुधा तिथेच. सराव करायचा असेल, तर येऊर किंवा खारघरच्या डोंगरातील वनहद्दीत शिरू नये. ओळखीच्या शेतात, मालकाच्या परवानगीने, दहा फुटांचा चढ निवडावा आणि मुद्दाम गाडी बंद पाडून हीच कृती वीस वेळा करावी.