विजय तेंडुलकर नाटक सोडून सिनेमाकडे का वळले?

तेंडुलकर सिनेमाकडे पैशासाठी गेले की रंगभूमीला कंटाळून, आणि ते थोर नाटककार की थोर पटकथाकार, असं तुम्ही विचारलंय. नाटक त्यांनी सोडलंच नव्हतं. त्यामुळे प्रश्नाचा पहिला अर्धा भाग तिथेच निकालात निघतो. त्यांच्या पटकथेवरचे सिनेमे बघा: ‘आक्रोश’ १९८० चा, ‘अर्धसत्य’ १९८३ चा, आणि ‘कमला’, ‘कन्यादान’ ही नाटकं याच काळातली.

आयुष्याचा तपशील थोडक्यात सांगतो. जन्म १९२८ चा. बेचाळीसच्या चळवळीत शाळा सुटली ती कायमचीच. मग वर्तमानपत्रांतल्या नोकऱ्या, सदरं आणि नाटकं. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ने नाव झालं, ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ने वादळं उठवली. १९७१ मध्ये सत्यदेव दुबेंनी ‘शांतता’वर सिनेमा केला, त्याची पटकथा तेंडुलकरांचीच. पाठोपाठ तेंडुलकरांच्याच पटकथेवरचा, जब्बार पटेलांचा ‘सामना’ आला. तो मला अजूनही रंगमंचावरचाच वाटतो. श्रीराम लागूंचा मास्तर आणि निळू फुल्यांचा हिंदुराव समोरासमोर, आणि मास्तरचा एकच हट्टी सवाल: मारुती कांबळेचं काय झालं?

खरी गंमत हिंदीत आहे. तिथे पटकथा तेंडुलकरांची, पण संवाद दुसऱ्यांचे. ‘मंथन’चे संवाद कैफी आझमींचे, ‘आक्रोश’चे दुबेंचे, ‘अर्धसत्य’चे वसंत देवांचे. म्हणजे ज्या माणसाचं नाटक संवादांवर उभं, त्याच्या हातून संवादच गेले! तरीही ‘मंथन’ला पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग त्यांच्याकडे उरलं काय? कोणतं पात्र कधी येणार, कुणाला काय माहीत आहे, कोण काय दडवतंय, प्रेक्षकाला ते कधी कळू द्यायचं, हे सगळं. माझ्या मते तेंडुलकरांची मूळ ताकद हीच होती. नाटकात ती धारदार वाक्यांमागे झाकली जायची.

पडताळून बघायचं असेल तर ‘शांतता’ वाचा आणि लगेच ‘आक्रोश’ बघा. दोन्हीकडे कोर्ट आहे, दोन्हीकडे आरोपी. ‘शांतता’तल्या बेणारेबाईंवरचा खटला खोटा, खेळातला. शेवटी त्या भडभडून बोलतात, पण बाकीची पात्रं गोठलेली असतात. ‘आक्रोश’मधल्या लहान्या भिकूवरचा (ओम पुरी) खटला खरा, बायकोच्या खुनाचा. तो स्वतःच्या वकिलाशीही बोलत नाही. वकील विचारतोय, चिडतोय, एकटाच पुरावे शोधत फिरतोय आणि ओम पुरी नुसते बघतायत. दोन-अडीच तास मुख्य पात्राला गप्प ठेवायचं आणि प्रेक्षकाला खुर्चीत धरून ठेवायचं, हे रंगमंचावर जवळपास अशक्य. तिथे चेहरा शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. त्यांच्या कित्येक पटकथा दुसऱ्यांच्या लेखनावरच्या: ‘सिंहासन’ अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर, ‘उंबरठा’ शांता निसळांच्या ‘बेघर’वर, ‘अर्धसत्य’ श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर. नाटकात कुणाचं न ऐकणारा लेखक इथे दुसऱ्याच्या लेखनापुढे निमूट बसतो. साधूंच्या दोन कादंबऱ्यांतली माणसं एका सिनेमात बसवणं हे तर कारागिराचं काम.

राहिला प्रश्न थोर कोण, नाटककार की पटकथाकार? मी नाटककार म्हणेन, तेही एकट्या ‘घाशीराम’च्या जोरावर. त्यातली नाचणारी, गाणारी, मधूनच पाठ फिरवणारी माणसांची भिंत कॅमेऱ्यासमोर तशी उभी राहत नाही. १९७६ मध्ये ‘घाशीराम’वर सिनेमाही निघाला, त्यात घाशीराम ओम पुरीच होते. मिळाला तर बघाच, पण नाटक आधी.