विचारा बिनधास्त: स्पेलिंग सुधारून पाठवलं तर हसतील का?

प्रश्न: दादा नमस्कार. आमच्या गावच्या अभ्यासिकेत जुन्या कॉम्प्युटरवर एक्सएमपीपीचा (चॅटचे निरोप पाठवायची खुली पद्धत) चॅट सर्वर बसवून रायलो, भरतीची तयारी करणारी पोरं त्याच्यावर नोट्स टाकतील म्हणून. डॉक्युमेंटेशन वाचता वाचता चुका दिसल्या. 'रिसीव्ह'चं स्पेलिंग उलटसुलट, एका ओळीत 'द' दोनदा, अन् ५२६९ पोर्टचं (पोर्ट म्हणजे सर्वरला जोडायचा नंबरवाला दरवाजा) एक वाक्य तर असं का तो उघडायचा का बंद ठेवायचा तेच समजत नाही. माहं इंग्रजी बारावीपुरतं. सुधारून पाठवलं तर हसतील का ते सर्वर बनवणारे लोक?
- एक वाचक, दारव्हा तालुका, यवतमाळ

उत्तर: कोणी हसत नाही बावा, पाठव. ज्यानं ते पोर्टचं वाक्य लिहिलं त्याला सर्वर तोंडपाठ आहे, त्याला त्यातली अडचण दिसणारच नाही, ती तुझ्यासारख्या पहिल्यांदा बसवणाऱ्यालाच दिसते. आधी तुझं काम सांगतो: ५२२२ वर मोबाईलमधलं ॲप सर्वरला जोडतं अन् ५२६९ वर एक सर्वर दुसऱ्या सर्वरशी बोलतो, तुमचं सगळं अभ्यासिकेपुरतंच असेल तर ५२६९ बंद राहू दे. हेच साध्या इंग्रजीत दोन ओळीत लिही, सोबत लिही की जुनं वाक्य वाचून मला अमुक वाटलं होतं. वाक्यरचना बदलायची तर कारण द्यावं लागते, नाहीतर समोरच्याला वाटते की ही नुसती आवडीनिवडीची गोष्ट आहे.

स्पेलिंगला मात्र कारण लागत नाही, म्हणून ते वेगळ्या पॅचमध्ये (पॅच म्हणजे पाठवायच्या बदलांचा गठ्ठा) टाक, ते पटकन घेतलं जाते अन् वाक्यावर चर्चा चालू राहते. अन् त्याआधी नवीन आवृत्ती पाहून घे, लिनक्सच्या पॅकेजसोबत आलेली पानं बरेचदा जुनी असतात अन् चूक कोणीतरी कधीचीच काढलेली असते. वेबसाईटवरचं पान बहुतेक वेळा मूळ मार्कडाउन फाईलपासून (साध्या खुणा टाकून लिहिलेला मजकूर) बनते, तर दुरुस्ती त्या फाईलमध्ये कर.

आता हात कुठं लावायचा नाही ते. सेटिंगचं नाव चुकल्यासारखं दिसलं तर आधी कोडमध्ये शोध. कोडमध्ये बरोबर अन् पानावर चूक असेल तर पान सुधार, पण कोडमध्येच चुकलेलं असेल तर पानावर तसंच ठेवावं लागते, नाहीतर वाचणारा 'बरोबर' स्पेलिंग टाकून बसेल अन् सर्वर ते ओळखणार नाही. ब्राउझर अन् वेबसाईट ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीमध्ये हेच झालं. आपण कोणत्या पानावरून आलो ते सांगणाऱ्या 'रेफरर'मध्ये मधात दोन आर पाहिजे होते, तिथं एकच लिहिल्या गेला, १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) तो तसाच छापला, अन् तुझा ब्राउझर आजही तो एकच आर पाठवते. नंतर आलेल्या 'रेफरर-पॉलिसी'त दोन्ही आर आहेत, म्हणजे दोन्ही स्पेलिंगं शेजारीशेजारी नांदून रायली!

'शुड'चं 'मस्ट' पण करू नको. १९९७ च्या आरएफसी २११९ नं या शब्दांचे अर्थ ठरवून ठेवले आहेत. 'मस्ट' म्हणजे पर्याय नाही, 'शुड' म्हणजे पक्कं कारण असलं तर सोडता येते. तुझ्या मते वाक्य सुधारलं, पण खरं म्हणजे नियमच बदलला. कलरमध्ये यू पाहिजे का नको, हा वाद तर काढूच नको, तिथं आधीपासून जे चालते ते चालू दे.

मला विचारशील तर स्पेलिंगपेक्षा मोठी चूक वेगळीच असते अन् ती कोणाले दिसत नाही. कमांडच्या ऑप्शनआधी दोन छोट्या आडव्या रेघा असतात, पान बनवणारं सॉफ्टवेअर कधीकधी त्यांची एक लांब रेघ करून टाकते, दिसायला झकास, पण कॉपी करून टर्मिनलमध्ये टाकलं की एरर. अवतरण चिन्हांचंही तेच, प्रॉसडी नावाच्या एक्सएमपीपी सर्वरची कॉन्फिग (सेटिंगची) फाईल लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेत असते, तिथं गोलाई असलेलं चिन्ह गेलं की फाईल वाचल्याच जात नाही. ईजॅबरडी या दुसऱ्या सर्वरची कॉन्फिग यामल नावाच्या मांडणीत, तिथं ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच पाहिजे. असं काही सापडलं तर ते सगळ्यात आधी पाठव. अन् एआयला अख्खं पान 'सुधारून दे' म्हणू नको, शंभर ओळी बदलतील अन् तपासणारा वैतागून पॅच बंद करेल.

प्रश्न: चॅट ॲपमधलं मराठी भाषांतर फार विचित्र आहे, ते कुठं दुरुस्त करू?
- एक शिक्षिका, धारणी, मेळघाट

उत्तर: ताई, ॲपच्या माहितीत भाषांतराची लिंक असते, बरेच मुक्त प्रोजेक्ट त्यासाठी वेबलेट वापरतात, तिथं ब्राउझरमध्येच बदल सुचवता येतो. फक्त वाक्यात टक्क्याचं चिन्ह अन् पुढं एस दिसलं तर ते पुसू नका, तिथं माणसाचं नाव येऊन बसते. मराठीच्या क्रमाप्रमाणे ते वाक्यात पुढं नेलं तर चालते, पण अशी दोन चिन्हं एकाच वाक्यात असतील तर अदलाबदल करायच्या आधी प्रोजेक्टवाल्यांना विचारा, नाहीतर निरोप पाठवला कोणी अन् नाव दिसेल भलत्याचंच.