ख्रिश्चन चिल्ड्रन्स होममध्ये राहून वाया चाललेला मुलगा खरंच सावरतो का?

तुम्ही लिहिलंय की १५ वर्षांचा भाचा घरातून पळतो, चोऱ्या करतो, शाळा सुटलीय, आणि कोणीतरी ख्रिश्चन होम सुचवलंय, पण तिथे नुसतं बायबल पाठ करून घेतील आणि धाकात ठेवतील अशी भीती वाटते. मी अशाच एका होममध्ये बरीच वर्षं हाऊस पेरेंट होतो, म्हणजे मुलांबरोबर त्याच घरात राहायचो, म्हणून सांगतो.

सावरतो. सगळे नाही, पण बरेच सावरताना मी पाहिलेत.

आधी एक सांगतो, सुरुवातीचे काही आठवडे मुलगा इतका शहाण्यासारखा वागतो की घरच्यांना वाटतं झालं काम. तसं नसतं. तो अंदाज घेत असतो. मग एक दिवस फुटतो, शिव्या, तोडफोड, पैसे गायब, पळून जाणं, आणि या सगळ्यातून तो एकच गोष्ट तपासत असतो की आता हे लोक मला हाकलतात की नाही, कारण आत्तापर्यंत प्रत्येकाने हाकललेलंच असतं. खरं काम तिथून सुरू होतं. चूक केली तर भरपाई करायला लावायची, तोडलेलं दुरुस्त करायला बसवायचं, पण रात्री जेवायला ताट त्याच टेबलावर आणि झोपायला जागा तीच. हे पुन्हा पुन्हा झालं की कधीतरी तो उशीखाली खाणं लपवून ठेवायचं बंद करतो, रात्री दाराचा आवाज झाला तरी दचकून उठत नाही. अभ्यास, शाळा हे सगळं त्याच्यानंतर येतं, आधी आणायला गेलात तर काही हाती लागत नाही.

आता यात ख्रिस्ती असण्याचा काय संबंध, तर माझ्या मते खूप आहे. ज्या मुलाला स्वतःचीच किळस वाटत असते त्याला क्षमा ही गोष्ट कोणीतरी सांगावी लागते आणि करूनही दाखवावी लागते. बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट, म्हणजे बापाचे पैसे उडवून घरी परतणाऱ्या धाकट्या मुलाची, मी किती मुलांना सांगितली असेल, पण बहुतेकांना धाकटा परत आला यापेक्षा बाप लांबूनच बघून धावत गेला हे लक्षात राहतं, आणि काही जण विचारतात की मग रुसून बाहेर थांबलेल्या मोठ्या भावाचं काय, तर बाप त्याच्यासाठीही बाहेर आलाच की. आणि मुलांना सांभाळणाऱ्या मोठ्या माणसांनाही देवावरचा विश्वास लागतो हो, कारण तोच मुलगा पाचव्यांदा पळून गेल्यावर नुसत्या पगारासाठी कोणी त्याला शोधायला जात नाही.

हे काही नवीन नाही. १८३३ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विखर्न यांनी राउहेस हाउस नावाचं मुलांचं होम काढलं तेव्हाच मुलांना मोठ्या हॉलमध्ये न कोंबता छोट्या छोट्या 'कुटुंबांत' ठेवलं होतं, आणि नवीन आलेल्या मुलाला सांगितलं जायचं की तुझं मागचं सगळं माफ आहे. अमेरिकेत फादर फ्लॅनागन यांनी १९१७ मध्ये ओमाहात जे घर सुरू केलं, पुढे बॉइज टाउन झालं ते, तिथे सगळ्या वंशांची आणि धर्मांची मुलं घ्यायचे, आणि आता तिथे नवरा-बायको थोड्या मुलांसोबत एका घरात राहतात. मोठ्या वसतिगृहापेक्षा लहान घर चांगलं, हे माझंही ठाम मत.

पण नुसतं 'ख्रिश्चन' नाव बघून ठेवू नका. धर्माच्या नावाने चालणाऱ्या संस्थांतही मुलांना मारहाण झालीय, अत्याचार झालेत, हे जगभर उघड झालंय. म्हणून स्वतः जाऊन विचारा, मुलाबरोबर राहणारी माणसं किती वर्षं टिकतात, शिक्षा काय देतात, तक्रार करायची झाली तर मुलगा होमबाहेरच्या कोणाकडे करू शकतो का, काऊन्सिलर आहे का, घरच्यांना फोन आणि भेट किती वेळा. प्रार्थनेला बसायचं नसेल तर काय करता हेही विचारा, विचार, विवेक आणि धर्माचं स्वातंत्र्य मुलांनाही आहे, संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम १४ त्यावरच आहे, आणि जबरदस्तीने गुडघे टेकवलेला मुलगा देवापासून लांबच जातो हे मी डोळ्यांनी बघितलंय. या प्रश्नांवर चिडले तर तिथून परत फिरा.

आणि १८ झाल्यावर काय, हे नक्की विचारा. चांगल्या होममधून मुलं बाहेर पडली तरी नोकरी गेली, लग्न ठरलं, की फोन तिकडेच करतात. तिथून मोठं झालेल्या एखाद्याशी बोलायला मिळालं तर बघा, आणि भाच्याला घेऊनच जा, त्यालाही प्रश्न विचारू द्या.