सपोर्ट प्रोजेक्टवर साडेतीन वर्षं झाली. जळगावात राहून डेव्हलपमेंटला जाता येईल का?

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी: जळगावातून बीई कॉम्प्युटर, पुण्याच्या एका सर्व्हिस कंपनीत साडेतीन वर्षं प्रॉडक्शन सपोर्ट (म्हणजे वापरात असलेल्या सिस्टिमचे बिघाड निस्तरणं), जावातलं जुनं ॲप्लिकेशन आणि पोस्टग्रेस डेटाबेस, पॅकेज ४.८ लाख, महिन्यातले दहा दिवस पुण्यात आणि बाकी काम जळगावच्या घरून. तुमचे प्रश्न तीन आहेत. दीड लाखाचा डेव्हऑप्सचा (कोड तपासून चालू सिस्टिमवर नेण्याच्या कामाचा) क्लास लावावा का, सपोर्टमधून डेव्हलपमेंटला जाता येतं का, आणि त्यासाठी जळगाव सोडावं लागेल का.

क्लास लावू नका. साडेतीन वर्षं अनुभव असलेल्या माणसाला इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्याच्या स्वतःच्या कामावर येतो. क्लासमधला प्रोजेक्ट अख्ख्या बॅचच्या रेझ्युमेवर सारखाच असतो आणि घेणारा दोन उलटे प्रश्न विचारून तो ओळखतो. तुमच्याकडे जे आहे ते क्लासमध्ये मिळत नाही: खरा लोड, खरे युजर आणि रोज बिघडणारी सिस्टिम. बिघाड नुसता निस्तरायचा की त्याच्या मुळाशी जायचं, इथेच सपोर्टवाल्याची वाट फुटते. बंद पडलेला जॉब (ठरलेल्या वेळी चालणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट करणं, पासवर्ड रीसेट करणं, तिकीट (नोंदवलेली तक्रार) पुढच्या टीमकडे ढकलणं ही कामं ऑटोमेशन सर्वांत आधी खातं, म्हणून त्यांतून बाहेर पडायला उशीर करू नका.

सुरुवात अशी करा. गेल्या सहा महिन्यांत तुम्ही बंद केलेली तिकिटं एक्सेलमध्ये काढा, ऑफिसच्याच लॅपटॉपवर. प्रत्येकासमोर खरं कारण लिहा. ‘इश्यू रिझॉल्व्ह्ड’ चालणार नाही. बहुतेक वेळा तीच चार-पाच कारणं आलटून पालटून दिसतात. त्यातलं एक निवडा, जे दर आठवड्याला येतं आणि तुम्ही दर वेळी तात्पुरतं मिटवता.

समजा ते ‘रिपोर्ट उघडायला वेळ लागतो’ असं आहे. त्या रिपोर्टची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) घ्या आणि टेस्ट डेटाबेसवर तिच्या आधी एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी कमांड) लावून चालवा. एक सावधगिरी: या कमांडने क्वेरी खरोखर चालते. ती अपडेट किंवा डिलीट असेल तर डेटा बदलतो, म्हणून अशी क्वेरी बिगिन आणि रोलबॅकच्या (केलेला बदल मागे घेणारी कमांड) मध्येच तपासायची. आउटपुटमध्ये आधी सिक्वेन्शियल स्कॅन (टेबलची एकेक ओळ वाचत जाणं) कुठे आहे ते बघा आणि फिल्टरने किती ओळी टाकून दिल्या तो आकडा बघा. वीस लाख ओळी वाचून तीनशे ठेवल्या असतील तर दुखणं तिथेच आहे. मग अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांत मोठी तफावत आहे का ते पाहा. असेल तर टेबलची आकडेवारी शिळी झालेली असू शकते, त्या टेबलवर नुसती ॲनालाइझ ही आकडेवारी ताजी करणारी कमांड चालवा. सिक्वेन्शियल स्कॅन दिसला की इंडेक्स (ओळी पटकन शोधण्याची सूची) टाकायचाच, असं मात्र नाही. टेबल छोटं असेल किंवा त्यातल्या बऱ्याचशा ओळी लागणारच असतील तर तोच मार्ग स्वस्त पडतो.

फार वेळा इंडेक्स असतो, पण वापरला जात नाही. तारखेच्या कॉलमवर डेट फंक्शन लावून बरोबरीची अट लिहिलेली असते, आणि फंक्शनच्या आत गेलेल्या कॉलमचा साधा इंडेक्स पोस्टग्रेसला उपयोगी पडत नाही. तीच अट ‘या दिवसाच्या सुरुवातीपासून दुसऱ्या दिवसाच्या सुरुवातीच्या आधीपर्यंत’ अशी रेंजमध्ये लिहिली की इंडेक्स कामाला येतो. शाखा आणि तारीख अशी दोन कॉलमची अट असेल तर बरोबरीवाला कॉलम आधी आणि रेंजवाला नंतर, असा एकच इंडेक्स करायचा. प्रॉडक्शनवर तो साध्या पद्धतीने बांधला तर पूर्ण होईपर्यंत त्या टेबलवर लिहिणं अडतं. त्यासाठी कंकरंटली, म्हणजे लिहिणं न अडवता इंडेक्स बांधण्याचा, पर्याय आहे. तो ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, आणि मध्येच फसला तर अवैध इंडेक्स मागे सोडतो. तो काढून पुन्हा बांधावा लागतो. एवढं सगळं तुम्ही स्वतः केलेलं असेल तर इंटरव्ह्यूत वीस मिनिटं न अडखळता बोलता येतं.

आता हेच घरच्या मशीनवर पुन्हा उभं करा. कंपनीचा कोड, टेबलांची नावं, डेटा, स्क्रीनशॉट यांतलं काहीही स्वतःच्या गिटहबवर (कोड ठेवण्याच्या साइटवर) टाकायचं नाही. त्यावरून नोकरी जाऊ शकते. आपला विषय आपल्याकडे पडलेला आहे की! रावेर-सावद्याच्या केळीच्या व्यापाराचं सोपं मॉडेल घ्या: शेतकरी, व्यापारी, गाडी, वजन, भाव, तारीख. पोस्टग्रेसमधल्या जनरेट सिरीज फंक्शनने ५० लाख काल्पनिक नोंदी भरा, मुद्दाम वाईट क्वेरी लिहा, आधीचा आणि नंतरचा प्लॅन रीडमी फाइलमध्ये ठेवा. वर स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये दोन-तीन एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमना डेटा देणारे दुवे) आणि चार टेस्ट. शनिवार-रविवार धरून दोन महिन्यांत हे होतं.

रेझ्युमेत ‘प्रॉडक्शन सपोर्ट सांभाळला’ ही ओळ काढून टाका. त्याऐवजी काय अडत होतं, कारण काय निघालं, काय बदललं, आकडा कितीवरून किती झाला, हे दोन ओळींत लिहा. आकडा मोजलेलाच हवा. अशा चार नोंदी असल्या की पानभर टेक्नॉलॉजींची नावं लागत नाहीत.

बाहेर बघण्याआधी कंपनीच्या आत प्रयत्न करा, कारण तिथे तुमच्या कामाचे साक्षीदार आहेत. मॅनेजरला ‘मला डेव्हलपमेंट द्या’ म्हणून काही होत नाही. तो ‘बघू’ म्हणतो. त्याऐवजी वर शोधलेलं कारण, सुचवलेला बदल आणि त्याने वाचणारे तास एका पानावर लिहून ‘हा छोटा चेंज रिक्वेस्ट मी करतो, रिव्ह्यू डेव्हलपमेंट टीमने करावा’ असं मेलवर मागा. असे दोन-तीन बदल प्रॉडक्शनला गेले की तुमचं नाव कमिटमध्ये (कोडमधल्या बदलांच्या नोंदींत) दिसतं, आणि इंटरनल जॉब पोस्टिंगला अर्ज करताना हातात पुरावा असतो. हे बोलणं रेटिंग ठरण्याच्या दोन-तीन महिने आधी व्हायला हवं. सहा महिन्यांत एकही कोडचं काम मिळालं नाही तर बाहेरचा रस्ता धरा.

इंटरव्ह्यूसाठी जावाची कलेक्शन्स, एक्सेप्शन्स, थ्रेडची मूळ कल्पना, ट्रान्झॅक्शन आणि आयसोलेशन लेव्हल, एचटीटीपीचे स्टेटस कोड, लिनक्सवर लॉग शोधणं, आणि कोडिंगमध्ये ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, सॉर्टिंग, बायनरी सर्च एवढं पक्कं करा. पाचशे गणितं सोडवायची गरज नाही; दीडशे समजून सोडवली तरी या पातळीला भागतं. इंग्रजीची धास्ती आपल्याकडच्या पोरांना फार असते. घरात अहिराणी, कॉलेजात मराठी, आणि एकदम मीटिंगला इंग्रजी, म्हणजे तोंड अडणारच. वर सांगितलेलं एकेक तिकीट दोन मिनिटांत इंग्रजीतून सांगून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. विषय आपला असला की शब्द लवकर सापडतात. व्याकरणाच्या चुकांनी फारसं अडत नाही. मुद्दा कुठून सुरू झाला तेच कळेनासं झालं की अडतं.

जळगावात राहण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डेव्हलपमेंटमधलं पहिलं वर्ष शक्य असेल तर टीमसोबत पुण्यात काढा. कोड रिव्ह्यूचे बारकावे शेजारी बसून लवकर उमजतात. घरची जबाबदारी असेल आणि जाता येत नसेल तर हायब्रिडही चालेल, पण ‘घरून काम चालेल’ हे रिक्रूटरच्या तोंडी शब्दावर घेऊ नका. ऑफर लेटरवर किंवा मेलवर घ्या. घरची सोयही आधी करा: फायबरचं कनेक्शन, त्याला पर्याय म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड, आणि राउटरला छोटा डीसी यूपीएस. मे महिन्यात आपल्याकडे लाइट जाते तेव्हा लॅपटॉप चालू राहतो आणि राउटर बंद पडतो. नेमका रिलीजच्या वेळी असा दोनदा गायब झालेला माणूस टीमच्या लक्षात राहतो.

नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर नोकरीच्या साइटवर तुम्ही बऱ्याचदा गाळले जाता, कारण अनेक रिक्रूटर ३० दिवसांचा फिल्टर लावतात. लवकर रिलीज आणि बायआउटचा (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटण्याचा) नियम एचआरकडून लेखी घ्या आणि मगच प्रोफाइलवर ‘निगोशिएबल’ लिहा. हातात ऑफर नसताना राजीनामा टाकू नका.

ऑफर आली की बारा महिन्यांनी भागून मोकळे होऊ नका. समजा, वर्षाला नऊ लाखांची ऑफर आहे. त्यात व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) ९०,०००, कंपनीचा पीएफ २१,६००, आणि बेसिक ३.६ लाख धरला तर ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी साधारण १७,३००. हे वजा करून बाराने भागल्यावर महिन्याला ६४,२५० च्या आसपास राहतात. तुमचा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स कापून हातात साधारण ६२,०००. विम्याचा हप्ता पॅकेजमध्ये धरला असेल तर आणखी कमी. जॉइनिंग बोनस दिला असेल तर किती महिन्यांत सोडल्यास तो परत करावा लागतो ते वाचा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ‘अनुभव वाढवून देतो, लेटर-पेस्लिप देतो’ म्हणणाऱ्या कन्सल्टन्सीच्या दारात जाऊ नका. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये यूएएनवरची (पीएफच्या कायम क्रमांकावरची) सर्व्हिस हिस्टरी आणि फॉर्म २६एएससारखी टीडीएसची, म्हणजे कापलेल्या कराची, नोंद मागतात. ज्या वर्षांचा पीएफ आणि टीडीएस नाही ती वर्षं तिथेच उघडी पडतात, कधी कधी जॉइन होऊन सहा महिने झाल्यावर. तुमची साडेतीन वर्षं खरी आहेत, त्यांना हा डाग लावून घेऊ नका.

वर्षाच्या मध्ये कंपनी बदलली तर नव्या कंपनीला ठरलेला फॉर्म भरून आधीचा पगार कळवा. नाहीतर दोन्ही कंपन्या करमुक्त मर्यादा आणि सूट आपापल्या हिशेबात धरतात आणि रिटर्न भरताना एकदम मोठी रक्कम भरावी लागू शकते. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी काढला तर त्यावर कर लागतो. आणि जुन्या कंपनीने यूएएनवर डेट ऑफ एक्झिट टाकली आहे का ते सोडल्यानंतर दोनेक महिन्यांनी बघून घ्या, कारण ती नसेल तर ट्रान्सफर अडकून पडतो.