सोलापूर: यंत्रमागावर काम करणाऱ्या वडिलांचा खांदा फार खराब झालाय, एमआरआयमध्ये टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारा दोर) पूर्ण फाटलेला दिसतोय. ऑपरेशन की व्यायाम?

आधी हे बघा: खांदा पडून, झटका बसून अचानक गेला की वर्षानुवर्षं झिजत? पडल्यापासून हात उचलताच येत नसेल तर थांबू नका. फाटलेला टेंडन उशीर होईल तसा आकसतो, मग शिवणं अवघड होतं. याच आठवड्यात सिव्हिलच्या हाडांच्या ओपीडीत दाखवा.

हळूहळू झिजून फाटला असेल तर मी आधी व्यायामच सांगेन. अमेरिकेतल्या २०१३ च्या एका अभ्यासात अशा रुग्णांपैकी चारांतल्या तिघांना दोन वर्षांत ऑपरेशन लागलं नाही. व्यायामाने फाटलेलं जुळत नाही हे खरं, पण डेल्टॉइडसारखे शेजारचे स्नायू भार घ्यायला शिकतात. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, नेमाने, तीन महिने तरी द्या.

कूर्चा संपून हाडावर हाड घासत असेल, दुखण्याने रात्रीची झोप उडाली असेल, तर मात्र सांधेबदलाचं विचारा.

आणि ऑपरेशन केलं म्हणून व्यायाम चुकत नाही. टेंडन शिवल्यावर चार ते सहा आठवडे हात झोळीत, पुढे काही महिने फिजिओथेरपी, जड काम साधारण सहा महिने बंद. घर त्यांच्याच मजुरीवर चालत असेल तर या दिवसांची सोय आधी लावा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणूनच तारीख घ्या.